आठ कळ्यांसाठी: वाघोलीतल्या एका सीता-अशोकाचं प्रकरण

2019च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपवर तीन फोटो आले आणि खाली एक ओळ: "मॅडम, अशोक मरतोय का?" फोटोतल्या झाडाची जुनी पानं कडेनं तपकिरी होऊन आत वळली होती. कुणीतरी एकेका पानाची किनार उदबत्तीनं जाळत बसावं, तशी. शेंड्याची नवी पानं मात्र वेगळीच दिसत होती. ती फिकट पिवळी होती आणि शिरा तेवढ्या हिरव्या.

अशोक म्हटल्यावर आधी विचारावं लागतं, कुठला? सोसायट्यांच्या कुंपणाला रांगेत उभा असतो तो खोटा अशोक. त्याची पानं लांब, नागमोडी कडांची असतात, आणि दसऱ्याला तोरणात बऱ्याचदा तीच ओवलेली दिसतात. गंमत अशी की तो सीताफळाच्या कुळातला आहे आणि सीतेच्या अशोकाशी त्याचं काही नातं नाही. खरा सीता-अशोक चिंचेचा भाऊबंद. त्याचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस झुंबरासारखी खाली लोंबते. संस्कृतात त्याला 'ताम्रपल्लव' म्हणतात ते याचमुळे. नर्सरीवाल्यांकडे पाटीवर अजूनही 'सराका इंडिका' लिहिलेलं दिसतं. 1968 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा घोळ निस्तरला, तेव्हापासून आपल्याकडच्या झाडाचं नाव 'सराका असोका' आहे. फोटोतलं झाड तेच होतं, म्हणजे निदान फसवणूक तरी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेले. पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीतलं रो-हाउस. मागच्या अंगणात पश्चिमेच्या भिंतीपासून तीन फुटांवर झाड, उंची जेमतेम सात फूट. 2013च्या पावसाळ्यात लावलेलं. सहा वर्षांत सात फूट म्हणजे अगदीच रडतखडत. हे झाड मुळात सावकाश वाढतं हे मान्य, पण इतकंही नाही. फुलाचा पत्ता नव्हता.

घरात एक आजी, मुलगा आणि सून. झाड आजींचं. माहेर राजापूर तालुक्यातलं. गावच्या देवळामागे वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला दोन जुने अशोक होते. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोककलिका-प्राशन असतं, म्हणजे अशोकाच्या आठ कळ्या पाण्याबरोबर गिळायच्या. वर्षभर शोक होत नाही अशी समजूत. पंचांगात त्या दिवसासमोर अजूनही छापलेलं असतं, पण करणारे फार उरले नाहीत. आजींना त्या आठ कळ्या हव्या होत्या.

"अगं, संस्कृत कवी म्हणायचे ना, सुंदर बाईनं लाथ मारली की अशोक फुलतो," त्या म्हणाल्या. "मी तेही केलं असतं. पण गुडघा नाही म्हणतो, आणि सुंदरबिंदर राहिलंय कुठं आता."

वहाळाच्या काठाला, हे मी तेव्हाच ऐकलं होतं. पण ऐकून सोडून दिलं. माझी पहिली चूक तिथे झाली.

पहिला उपाय आणि फसवा श्रावण

समोर दिसणाऱ्या पिवळ्या पानांवरून मी लोहाची कमतरता असं निदान केलं. ते खोटं नव्हतं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही नव्या पानांवर, हे लोहाचं ठरलेलं लक्षण. लोह झाडात एकदा एका पानात बसलं की सहसा तिथून हलत नाही, म्हणून कमतरता नव्या पानांवर आधी दिसते. अंगणातल्या मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकले तर ती फसफसली. चुनखडीची माती. घर बांधताना कुठून तरी दोन फूट काळी माती आणून मुरमावर पसरली होती. पुढे प्रयोगशाळेतून सामू, म्हणजे पीएच, आला 8.2. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही.

मी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, बुंध्याभोवती मातीत मिसळायला सांगितलं. वर पश्चिमेला हिरवी शेडनेट. आणि निघून आले.

ऑगस्टमध्ये आजींनी फोटो पाठवला. नवी पालवी निरोगी, जुन्या पानांवर एकही नवा डाग नाही. मी खूश झाले. हिराकसाचा गुण आला असं समजून तीच मात्रा आणखी दोन घरी सांगितलीसुद्धा. आता लाज वाटते. चुनखडीच्या मातीत हिराकस टाकलं की त्यातल्या लोहाचा थोड्या दिवसांत न विरघळणारा गंज होतो. पैसे थोडे जातात, पण त्याहून वाईट म्हणजे आपण काहीतरी केलं असं वाटत राहतं.

नोव्हेंबरमध्ये परत फोन. पानं पुन्हा कडेनं जळायला लागली होती.

आता मला बसून विचार करावा लागला. चुनखडीच्या मातीतली लोहाची तक्रार बरेचदा ओल साचली की वाढते, कमी होत नाही. हे झाड उलट पावसाळ्यात सुधारलं आणि पाऊस गेल्यावर बिघडलं. शिवाय जळत होती ती जुनी पानं, पिवळी होती ती नवी. म्हणजे एकाच झाडाला दोन वेगळी दुखणी होती, आणि मी एकाचंच नाव लिहून घेतलं होतं. जुन्या पानाची कड टोकापासून आत जळत जाते, तेव्हा मुळांकडून क्षार चढतायत का ते आधी बघावं. पान पाणी हवेत सोडतं आणि क्षार मागे कडेला साचत जातात. पाऊस पडला की मातीतले क्षार धुऊन खाली जातात आणि झाड मोकळा श्वास घेतं. श्रावणात मला जो 'गुण' दिसला, तो हिराकसाचा नव्हता, पावसाचा होता.

मग क्षार येतायत कुठून?

बारीक पारदर्शक नळी

घरात बोअरचं पाणी वापरायचं हे माहीत होतं. मी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं खिशातलं टीडीएस मीटर बुडवलं तर आकडा 1150च्या आसपास. वाईटच, पण त्या भागात अनेक झाडं तेवढ्यावर तगतात. बुंध्याशी वाकून माती उकरायला लागले तर वर पांढरी पापुद्री दिसली, जिभेला लागली तर खारट. आणि नेच्यांच्या कुंडीमागून एक बारीक पारदर्शक नळी थेट अशोकाच्या आळ्यात आलेली. थेंब थेंब पाणी चाललं होतं.

ती स्वयंपाकघरातल्या आरओची होती. पाणी शुद्ध करताना मशीन जे टाकून देतं, ते पाणी.

आजींच्या मुलानं अगदी चांगल्या हेतूनं हे केलं होतं. एक लिटर प्यायचं पाणी मिळवताना दोन-तीन लिटर वाया जातं, हे त्याच्या मनाला लागलेलं. उन्हाळ्यात टँकर मागवणारं घर, पाणी फुकट घालवणं पटत नव्हतं. त्याला वाटलं, झाडाला पाणी म्हणजे पाणी. पण आरओ क्षार नष्ट करत नाही, फक्त एकीकडे सारतो. ग्लासात येतं ते गोडं, नळीतून जातं त्यात दोघांच्या वाट्याचं मीठ. त्या नळीखाली मीटर धरलं तर आकडा 1900 दाखवत होता. हे अखंड, बारा महिने, एकाच आळ्यात, आणि तेही चार वर्षांपासून. सॉफ्टनर बसवलेल्या सोसायट्यांत तर याहून बिकट प्रकार बघितलाय. तिथे कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम येतं, आणि सोडियम मातीची रचनाच मोडतं. काळी माती त्यानं शिळ्या भाकरीसारखी घट्ट होते. इथे तेवढं नव्हतं, हे नशीब.

मुलाला हे सांगताना थोडं अवघड गेलं. तो म्हणाला, "मग हे पाणी टाकायचं कुठे, मॅडम?" प्रश्न रास्त होता. फरशी पुसायला आणि संडासच्या बादलीत, असं ठरलं. सुनेनं नळी उचलून मोरीत वळवली आणि म्हणाली, "चार वर्षं सांगतेय, मातीवर मीठ दिसतंय." तिचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि मीही पहिल्या भेटीत तिला विचारलं नव्हतं. बागेच्या प्रकरणात घरातल्या सगळ्यांना एकेक प्रश्न विचारायचा, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

ओढ्याकाठचं झाड मुरमावर

इथवर आल्यावर आजींचा वहाळ मला आठवला. सीता-अशोक पश्चिम घाटाच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलातला. तळकोकणात, गोव्यात तो ओढ्याच्या काठाला, मोठ्या झाडांच्या छायेत उभा असतो. तिथे पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जांभ्याची आम्ल माती वर्षावर्षाला धुऊन निघते आणि वर पाचोळ्याचा थर कधी सुटत नाही. हवेत उन्हाळ्यातही ओलावा असतो. पुण्यात सरासरी सातशेच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेला सरकावं तसा तो कमीच होतो. एप्रिलच्या दुपारी कोरडा वारा, पारा चाळिशीकडे.

आता या अंगणात बघा. बुंध्यापासून हातभरावर सिमेंटचे ठोकळे. पश्चिमेची भिंत दुपारभर तापून रात्री नऊपर्यंत ऊब सोडणारी. पडलेलं प्रत्येक पान माळीदादा झाडून घंटागाडीत देत. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, हे मला नंतर कळलं, 2016पासून त्यांनी खालच्या फांद्या छाटून बुंधा 'मोकळा' केला होता. झाड न्हाव्याकडून आल्यासारखं दिसत होतं.

ही छाटणी दुहेरी नडली. अशोकाची साल पश्चिमेच्या उन्हाला उघडी पडली आणि त्या बाजूला तिला उभ्या चिरा गेल्या. दुसरं, अशोक नुसता शेंड्यावर फुलत नाही. त्याचे गुच्छ जुन्या, निष्पर्ण लाकडावर, कधी थेट खोडावरसुद्धा फुटतात. तिथे आधी बारीक गाठीसारखे उंचवटे दिसतात. माळीदादा ते 'फुटवे' समजून पात्याच्या धारेनं तासून काढत. मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, झाड स्वच्छ दिसायला नको का?" त्यांना दोष कसा द्यावा? त्यांनी आयुष्यभर गुलाब आणि जास्वंदच सांभाळली होती.

काय काय केलं

डिसेंबर 2019मध्ये आळ्याभोवतीचे ठोकळे चार फुटांपर्यंत काढले. खालची माती दगडासारखी दाबलेली. काट्यानं भोकं पाडून सैल केली, खोदली नाही, कारण मुळं वरच होती. शेजारच्या तीन घरांना पाचोळ्याच्या पिशव्या आमच्याकडे द्यायला सांगितलं. आंब्याची पानं, सोनमोहोराची बारीक पर्णिका, जे मिळेल ते. चार-पाच इंचांचा थर, खोडापासून वीतभर अंतर सोडून. खोडाला चिकटून पाचोळा ठेवला की साल कुजते. चिरा गेलेल्या बाजूला सैल पोतं गुंडाळलं. छाटणी बंद.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. त्यानंतरचं बहुतेक काम आजींनी केलं आणि मी व्हिडिओ कॉलवर बघत राहिले. त्या फोन उलटा धरत, त्यामुळे पहिले दोन महिने मी प्रामुख्यानं त्यांचा पदर पाहिला.

खरा उपाय जूनमध्ये झाला. गच्चीच्या पन्हाळीचा पाइप नाल्यात जात होता, तो वळवून अशोकाच्या आळ्यात सोडला. हिशोब सोपा आहे. गच्ची साठ चौरस मीटर, पाऊस 600 मिलिमीटर धरला तरी छत्तीस हजार लिटर पाणी होतं, आणि पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. हे पाणी मातीतून आरपार गेलं तरच धुण्याचा उपयोग, नाहीतर मुळं कुजतात. इथे खाली मुरूम होता, निचरा होत होता. आधी खड्डा खणून बादलीभर पाणी ओतून किती वेळात जिरतं ते पाहिलं होतं. जिथे पाणी सकाळपर्यंत साचून राहतं, तिथे हे मी कुणाला सांगणार नाही.

सप्टेंबरमध्ये दोन हजार लिटरची काळी टाकी बसवली, झाकणाला डासांची जाळी. परतीच्या पावसात ती भरली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर चार दिवसांनी 40 लिटर, म्हणजे महिन्याला तीनशे. मार्च-एप्रिलमध्ये दर तीन दिवसांनी, म्हणजे महिन्याला चारशे. एप्रिल संपता संपता टाकी तळाला जाते. मे महिन्यात बोअरचं पाणी द्यावंच लागतं, आणि त्या महिन्यात काही कडा जळतात. ते आम्ही सोसतो.

लोहाचं दुखणं राहिलंच होतं. या वेळी हिराकस नाही, चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनानं धरून ठेवलेलं लोह, आणि त्यातलंही ईडीडीएचए प्रकारचं. स्वस्तातलं ईडीटीए चिलेट चुनखडीच्या मातीत टिकत नाही, लोह सोडून देतं. ईडीडीएचए महाग, पण 8च्या वरच्या सामूलाही तग धरतं. पाण्यात टाकलं की गर्द लाल रंग येतो. आजी त्याला कुंकवाचं पाणी म्हणत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या शेवटी आणि माघात.

शेडनेट काढून टाकली. त्याऐवजी त्या जून महिन्यातच भिंतीच्या कडेला हदग्याची चार रोपं लावली. हदगा भराभर वाढतो, सावली विरळ देतो, आणि फुलांची भाजी होते. पुढच्या मार्चपर्यंत तो भिंतीच्या वर गेला होता. अशोकाला जंगलात असते तशी चाळणीतून आल्यासारखी दुपार मिळाली. नेटनं सावली मिळते, पण हवेत ओलावा येत नाही. पानांनी दोन्ही मिळतं.

कळ्या

फेब्रुवारी 2021मध्ये झाडभर तांब्याची झुंबरं लोंबली. फूल नाही. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्या महिन्यात फोनही आला नाही.

फेब्रुवारी 2022मध्ये सुनेचा फोटो आला. जमिनीपासून दोन फुटांवर, खोडावर, जिथे पूर्वी माळीदादांचं पातं चाललं असतं नेमक्या तिथे, मुठीएवढा गुच्छ. अशोकाच्या फुलाला पाकळ्या नसतात. दिसतात ते रंगीत निदल, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाची दलं, चार, आणि त्यातून बाहेर आलेले लांब पुंकेसर. उमलताना केशरी-पिवळा, दिवस जातील तसा लाल, त्यामुळे एकाच गुच्छात हळद ते कुंकू सगळ्या छटा. संध्याकाळी मंद वास येतो. एकच गुच्छ होता. त्या वर्षी चैत्र शुद्ध अष्टमी 9 एप्रिलला आली आणि तोवर तो कधीच गळून गेला होता.

कशानं फुललं, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. चार-पाच उपाय एकाच झाडावर एकत्र केले की श्रेय वाटताना सगळेच हात पुढे करतात. बियांपासूनचं झाड फुलायला सहा-सात वर्षं घेतं, त्रासाच्या जागी त्याहून जास्त, तेव्हा वयाचाही वाटा असेल. माझा अंदाज विचाराल तर आधी पाणी, मग पाचोळा, मग न छाटणं. कुंकवाच्या पाण्याचा नंबर शेवटचा, जरी सगळ्यांत जास्त खर्च त्याच्यावर झाला. पानांच्या बाबतीत मात्र मला शंका नाही. नळी हलवल्यानंतरच्या हिवाळ्यांत ती पूर्वीसारखी जळाली नाहीत.

2023मध्ये झाड बारा फुटांवर होतं. महाशिवरात्रीपासूनच फांद्यांवर, खोडावर गुच्छ धरले. अष्टमी 29 मार्चला. आजींनी मला सकाळीच बोलावून घेतलं. देवापुढे वाटीत आठ कळ्या मोजून ठेवल्या होत्या, माझ्यासाठी दुसऱ्या वाटीत आठ. त्यांनी मंत्र म्हटला. त्यात शोकानं तापलेला माणूस अशोकालाच विनवतो, मला अशोक कर. मग पाण्याबरोबर गिळल्या. मी एक चावून पाहिली. तुरट, थोडीशी आंबट. "चावायच्या नसतात गं," आजी म्हणाल्या, "चव बघायची नसते याची."

त्याच आठवड्यात एक गृहस्थ गेटवर आले होते, सालीसाठी. अशोकारिष्टाला अशोकाची साल लागते, आणि मागणी इतकी की बाजारात खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. जंगलातली झाडं सोलून सोलून ही जात आंतरराष्ट्रीय यादीत 'असुरक्षित' ठरली आहे. आजींनी त्या माणसाला चहा पाजला आणि परत पाठवलं.

जुलैत चपट्या, चामड्यासारख्या शेंगा पिकून काळपट झाल्या. अशोकाचं बी साठवून चालत नाही. वाळलं की मेलं. शेंग तडकली त्याच दिवशी सुनेनं बिया पिशव्यांत आडव्या पुरल्या, माती-शेणखत-वाळू, सावलीत, ओलसर. तीन आठवड्यांत कोंब वर आले. बावीस लावल्या, चौदा उगवल्या, पावसाळा संपता संपता अकरा उरल्या.

रोपं हवी म्हणून लोक आजींना विचारतात. आजी त्यांना खुर्चीवर बसवतात, झाड दाखवतात, वहाळाची गोष्ट सांगतात आणि मग विचारतात, "तुमच्याकडं आरओ आहे का? त्याची नळी कुठं सोडलीय?"